दोनशे तेरावी चाल

देवबागच्या भिकाजीबुवांकडे एक वही होती आणि ती त्यांनी बायकोलाही कधी पुरती वाचू दिली नव्हती.

डबलबारीचं भजन ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, की दोन बुवा समोरासमोर बसतात, दोघांच्या मागे आपापली मंडळी, एकाने गायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि मधल्या वेळात एकमेकांची सभ्य भाषेत जेवढी काढता येईल तेवढी काढायची. भक्ती असते, नाही असं नाही. पण लोक चार गाव ओलांडून येतात ते अभंगामागून येणारा चढ्या लयीतला गजर ऐकायला. शब्द संतांचे, चाल बुवाची. आता 'बुवाची' म्हणजे बुवाने कुठून तरी उचललेली, हे मांडवातल्या शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही ठाऊक असतं. सिनेमातून, नाटकातून, जाहिरातीतून. भिकाजीबुवांनी तर एकदा आइस्क्रीमवाल्याच्या भोंग्यातून उचलली होती, आणि त्या वर्षी ती सगळ्यात जास्त गाजली.

वहीत तीन रकाने होते: चाल कोणती, कुठून घेतली, कुठल्या बारीत वापरली. एकतीस वर्षांत दोनशे बारा नोंदी. माइकसमोर 'ही आमच्या मंडळाची खास चाल' म्हणून छाती काढायची आणि घरी येऊन दुसऱ्या रकान्यात खरं काय ते लिहायचं, असा बुवांचा रिवाज. जगाला सांगितलेलं खोटं ते असं घरी येऊन फेडत.

यंदाच्या श्रावणात पडवीत बसून माडाची झापं विणता विणता त्यांच्या तोंडात एक चाल आली. आली ती सबंध आली, जशी काही कुणी दारात आणून ठेवली. बुवांनी झाप टाकलं, आत गेले, पेटी काढली. चार दिवस रेडिओ, मोबाइल, शेजाऱ्यांची वरात, सगळं आठवून पाहिलं. कुठलीच नव्हती. मग वहीत दोनशे तेरावी नोंद केली, आणि 'कुठून' या रकान्यात आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं: स्वतःची. खाली दोन रेघा मारल्या.

त्या रेघांना कारण होतं. गेल्या वर्षीच्या बारीत वेंगुर्ल्याच्या लवूबुवाने, वय वर्षं चौतीस, भर मांडवात म्हटलं होतं, "भिकाजीबुवांच्या भजनात पांडुरंग तेवढो आपलो, बाकीचा सगळा भाड्याचा." लोक हसले. हसण्यात भिकाजीबुवांचे स्वतःचे दोन टाळकरीही होते, ते बुवांनी मान न वळवता टिपून ठेवलं होतं. यंदा अठ्ठावीस डिसेंबरला सावंतवाडीत तळ्याकाठच्या मांडवात पुन्हा लवूबुवाच समोर येणार होता. त्या दिवशी ही चाल बाहेर काढायची आणि म्हणायचं, घे, ही घरची. या एका वाक्यासाठी भिकाजीबुवा चार महिने जगत होते.

चालीत एक खोट तेवढी होती. वर चढायची झोकात, पण परत मुखड्यावर उतरताना एक पायरी कमी पडायची. बुवांनी तिथे नाना तऱ्हा करून पाहिल्या. शेवटी पखवाजवाल्या सिद्धेशला सांगितलं, इथे एक दणकेबाज तिहाई टाक, एकच बोल तीनदा, लोकांचं लक्ष हातावर राहील, गळ्यावर जाणार नाही. सिद्धेश सव्वीस वर्षांचा, सीझनमध्ये पर्यटकांच्या बोटी चालवणारा, नऊ वर्षं बुवांच्या डाव्या हाताला बसलेला. त्याने तिहाई टाकली. खोट झाकली गेली.

आणि डिसेंबर लागला तसा हाच सिद्धेश बुवांना खटकायला लागला.

आधी तालमीला उशीर. "खंय होतस?" विचारलं तर "बोट वर ओढी होतंय." आता बोट ओढून आलेल्या माणसाच्या गुडघ्याला वाळू असते. सिद्धेशच्या शर्टाच्या खिशाला पिठीसाखर होती. मग एका संध्याकाळी बुवांनी सहज त्याचा पखवाज पाहिला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवायच्या आधी कणकेचा गोळा थापतात, वाजवून झालं की खरवडून काढतात. काठाला थोडं चिकटून राहतंच. बुवांनी नखाने ते काढलं, बोटावर चोळलं आणि जिभेवर ठेवलं.

"विमला," त्यांनी आत बायकोला हाक मारली, "ह्यो मैदो."

विमलावहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मगे?"

"मगे काय? आमच्या पडवीत गव्हाची कणीक लागता. ह्यो मैदो, आणि वर तुपाचो वास. हो पखवाज दुसरीकडे वाजता."

"तुमी पखवाज चाटूक कधीपासून लागलास?"

"लवूबुवाच्या मेव्हण्याची वेंगुर्ल्यात बेकरी आसा," बुवा म्हणाले, आणि डोळे बारीक करून खाडीकडे बघत राहिले. बेकरी म्हणजे मैदा, मैदा म्हणजे लवू. एवढं सरळ गणित देवबागात दुसरं कुणी मांडलं नसतं.

बुवांच्या मंडळात नियम होता, की बारीच्या आधी पंधरा दिवस कुणी बाहेर वाजवायचं नाही. ह्या दिवसांत नवी चाल हाताला बसलेली असते, आणि हात तोंडापेक्षा लवकर फितूर होतो. सिद्धेश नियम मोडत होता एवढ्यावर भागलं नाही. एकोणीस तारखेला तालीम संपल्यावर तो घुटमळला आणि म्हणाला, "बुवानू, ह्यो नवो गजर ठेवचोच काय? जुन्यातलो एखादो काढूया. आइस्क्रीमचो लोकांका आवडता."

"कित्याक?"

"तसा नाय... उतरताना अडकता मा थोडो."

"अडकता ता माझ्या गळ्यात. तुझ्या पोटात काय दुखता?"

सिद्धेश खाली बघत पखवाजाची दोरी आवळत बसला. ती आधीच आवळलेली होती.

त्या रात्री जेवताना बुवा मासा उलटा करायचा विसरले. विमलावहिनींनी तो त्यांच्या ताटात उलटा करून दिला आणि म्हणाल्या, "माका विचारशात तर ती चाल मीया खंय तरी आयकलीसारी वाटता."

बुवांचा घास हातात राहिला. "खंय?"

"आता ता काय सांगू? लग्न होऊन हंय इलंय तेवापासून कानार काय काय पडता."

बुवांनी बायकोकडे नीट पाहिलं. वहिनींचं माहेर कुडाळकडचं. वेंगुर्ल्यात त्यांची एक मावसबहीण दिलेली होती. बुवांनी तीही जोडून पाहिली. नंतर स्वतःचीच थोडी लाज वाटून भात कालवला.

तेवीस तारखेला तालीम नव्हती. सूर्य पाण्याला टेकत होता. बुवा खाडीकडच्या बाजूला माडांना पाणी सोडून उभे होते आणि वारा जमिनीकडून सुटला. डिसेंबरात त्या वेळी सुटतोच. त्या वाऱ्यावर पलीकडच्या काठावरून आवाज आला. चार-पाच बायकांचे गळे, मागे पखवाज. आणि त्या गळ्यांत दोनशे तेरावी चाल.

भिकाजीबुवा नळ बंद न करता निघाले.

धक्क्यावर महादू होडीत बसून विडी ओढत होता. बुवा आत चढले आणि म्हणाले, "पलतडी."

"तुमीपण?" महादू म्हणाला. "पंधरा दिवस झाले, रोज सांजचो पखवाज न्हेतंय नि हाडतंय. पखवाजाक तिकीट लावणंय नाय, वजन बघलास तर लावक होया."

"सोबत कोण असता?"

"सिद्धेश."

"आणि वेंगुर्ल्याचो कोण?"

"वेंगुर्ल्याचो?" महादूने विडी पाण्यात टाकली. "वेंगुर्ल्याचो माणूस हंय कित्याक येतलो मरे? थंय बाजार आसा."

म्हणजे महादूला पण फोडला, असं बुवांनी मनात धरलं आणि उरलेला प्रवास त्याच्याकडे पाठ करून केला.

पलीकडे ख्रिस्ती घरांची लहानशी वाडी. सात घरं, मधे एक मोठं चिकूचं झाड आणि झाडाला कागदाचा लाल तारा टांगलेला, आत बल्ब. सगळ्यात जुन्या घराच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, चूल मांडली होती. नातलिन फर्नांडिस, वय एक्याऐंशी, पाटावर बसून नेवऱ्यांच्या, म्हणजे आपल्या करंज्यांच्या, कडा दाबत होती. तीन बायका लाटत होत्या, एक तळत होती, आणि गव्हाच्या पोत्यावर सिद्धेश मांडीवर पखवाज घेऊन बसला होता. त्याने डाव्या हाताने नातलिनच्या परातीतला मैद्याचा गोळा उचलून पखवाजावर थापला. नेवऱ्यांचा मैदा. तुपाचं मोहन घातलेला.

बुवा चिकूच्या आडोशाला थांबले. बेकरीचा हिशेब तिथेच चुकला होता. पण चाल चालू होती.

*थंडी इली गो खाडयेवयल्यान, कानार बांध गो फडकी,*
*कोंबडी चढली चिकवार, तिका भरली धडकी.*

तळणारी हसली, झाऱ्याने वर दाखवलं. चिकूवर खरंच एक कोंबडी बसलेली होती.

*जहाजावयलो पोर येतलो, पेटयेत साबू वासाचो,*
*शेजारणीन आधीच धरल्यान तुकडो आपल्या वाट्याचो.*

बुवांचा राग उकळीला आला. शब्द कोंबडीचे, पण अंग सगळं त्यांच्या गजराचं. चढ तोच, मुरड तीच. आता उतरणीवर अडकतील, बुवांनी वाट पाहिली, आता एक पायरी कमी पडेल आणि हा हरामखोर तिथे माझीच तिहाई टाकेल.

सिद्धेशने तिहाई टाकली नाही. हात हलका केला. नातलिन एकटीच, कडा दाबता दाबता, गायली:

*होडी लागली, होडी लागली, चूल पेटव गो माये.*

आणि ती ओळ पायरी पायरीने उतरत येऊन मुखड्यावर अशी टेकली, जशी होडी धक्क्याला.

भिकाजीबुवा झाडाला धरून उभे राहिले. माणूस संशयी असला तरी गवई होता. चोराकडे मालकापेक्षा जास्त माल नसतो. ह्या बायकांकडे एक ओळ जास्त होती.

तरीही पुढे झाले ते सवयीने, कमरेवर हात ठेवून. "ही चाल कोणाची?"

सिद्धेश ताडकन उठला, पखवाज घरंगळला. बायका थांबल्या. नातलिनने मान वर केली, डोळ्यांवर हात धरला.

"कोण रे? भिकू मा? बस. पाट घे."

"बसूक नाय इलंय. ही चाल कोणाची, ता सांगा."

"माझ्या आवशीची," नातलिन म्हणाली. "तिका खयसून गावली ती तिका ठावक. नाताळाक करंज्यो करताना म्हणायची. देवाची गाणी चर्चीत म्हणतंव, ही चुलीकडली. ह्यात देव नाय, खावचाच सगळा." ती परातीकडे वळली. "आता तुमच्या देवबागातल्या अजयच्या होमस्टेत पुण्यामुंबयची माणसा येतली नाताळाक, तेणा सांगल्यान, मावशे, देवाचा नाव नसलेली म्हणा, पावणे नाना तऱ्हेचे असतत. म्हटला, तसलीच तर जास्त आसत. माझो नातू घुमट वाजवी तो जहाजार गेलो, म्हणान ह्या पोराक धरलंय."

"मी सांगणार होतंय बुवानू," सिद्धेश म्हणाला.

"कधी? सावंतवाडीक जावन?"

"पयल्या दिवशी हंय इलंय, मावशेन ह्या गाणा धरल्यान, आणि माझो हात थंयच थांबलो. तुमचो गजर. मगे बघलंय तर मावशेकडे शेवटची ओळ पण आसा." त्याने पखवाज उचलून उराशी धरला. "तुमी वहीत दोन रेघो मारलास ता आमका सगळ्यांका म्हायत आसा. तुमका कसा सांगू?"

वही कुणी पाहिली, हा वेगळा संशय बुवांनी नंतरसाठी राखून ठेवला. आत्ता ते नातलिनकडे वळले. "पण माका खयसून इली ती? मी हंय कधी ह्या गाणा आयकूक नाय."

नातलिन हसली. तिला खाली तीनच दात होते आणि ती ते लपवत नव्हती.

"तू सहा-सात वर्षांचो होतस. तुझो बापूस माझ्या घोवाबरोबर जाळ्यार जाय. डिसेंबरात परतताना हंय थांबायचो, तू ह्या चुलीकडे बसायचंस नि नेवऱ्यो खायचंस. मोजून नाय, मोजल्या तर आवशीक वाईट दिसतला. पाचवी खाल्लंस की डोळे मिटायचे. शेवटची ओळ येयसर तू घोरत असायचंस. बापूस उचलून होडयेत घाली." तिने नेवरीची कड चिमटीने मुरडली. "तीन-चार वर्षां तरी. एकदापण ती ओळ तू आयकूक नाय."

तळणीत नेवऱ्या चरचरत राहिल्या.

बुवा पाटावर बसले. त्यांना तूप, धूर, बापाच्या खांद्याचा ओला गंजीफ्रॉक असं काही तरी आठवल्यासारखं झालं, पण आठवण म्हणावी एवढं ते घट्ट नव्हतं. झापं विणताना दारात आणून ठेवलेली चाल. दोन रेघा.

"माका ती होयी," ते म्हणाले. "बारीत. पाच दिवसांनी."

"घे मगे."

"बदल्यात काय?"

"काय?"

"काय होया तुमका?"

नातलिनने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "भिकू, गाणा म्हणजे नारळ काय रे, एक काढलो तर माडार एक कमी?"

फुकट देणाऱ्या माणसाचा भिकाजीबुवांना कायम वहीम येत आला होता. पाच मिनिटं ते वाट बघत बसले, की आता अट निघेल. निघाली ती एवढीच, "आज शेवटपर्यंत जागो रव."

त्यांनी तीन नेवऱ्या खाल्ल्या आणि चौथी बाजूला ठेवली. ओळ चार वेळा म्हणून घेतली. परतताना होडीत सिद्धेश समोर बसला, मधे पखवाज.

"तिहाई काढून टाक," बुवा म्हणाले.

"काढतंय."

"आणि वही कोणी बघल्यान?"

सिद्धेश पाण्याकडे बघत म्हणाला, "विमलाकाकीन."

घरी आले तर माडांखाली तळं साचलं होतं आणि विमलावहिनी नळ बंद करून पायरीवर बसल्या होत्या. "आठवला," त्या म्हणाल्या, "पलतडसून येता ती चाल. दर डिसेंबरात, तुमी पेटी बडवत असतास तवा."

"आता सांगतंस?"

"तवा सांगलंय असतंय तर तुमी माका वेंगुर्ल्याक पाठवलास असतास."

पुढचे पाच दिवस बुवांचं एकच चाललं होतं. चाल गायची की नाही, हा प्रश्न नव्हता. तिच्यासाठी जुळवलेले शब्द तयार होते, उतरण आता लोण्यासारखी होती. प्रश्न होता तोंडातल्या वाक्याचा. खाडीपलीकडच्या सात घरांतलं कुणी सावंतवाडीला येणार नव्हतं. सिद्धेश बोलणार नव्हता. विमलावहिनींना बोलायची गरजच नव्हती. 'ही घरची' म्हटलं तर लवूबुवाला शोधूनही सापडणार नव्हतं. इतकी सुरक्षित चोरी एकतीस वर्षांत हाताला लागली नव्हती, आणि तीच नेमकी गळ्यात अडकत होती.

अठ्ठावीसला संध्याकाळी पाचला मांडव भरला. लवूबुवा समोर, कपाळाला बुक्का, बाजूला मोबाइल धरून बसलेली दोन पोरं. पहिली बारी भिकाजीबुवांची. नमन झालं, अभंग झाला, गजराची वेळ आली. बुवांनी पेटीवर सूर धरून ठेवला आणि माइक जवळ ओढला.

"गेल्या साली आमच्या मित्रांनी म्हटला, भिकाजीचा सगळा भाड्याचा. बरोबर हा." मांडवात हसू पसरलं. "आजची चाल पण माझी नाय. आमच्या खाडीच्या पलतडी नातलिन फर्नांडिस म्हणान म्हातारी आसा, तिच्या आवशीची ही. नाताळाक नेवऱ्यो करताना म्हणतत. मी ल्हान असताना आयकलंय, आणि शेवटाक झोपलंय. शब्द संतांचे. चाल तिची."

आणि त्यांनी गजर उचलला. सिद्धेशने उतरणीवर हात हलका केला. विठ्ठलाचं नाव पायरी पायरीने उतरत येऊन मुखड्यावर टेकलं, आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीने टाळी धरली.

टाळ्या मिळाल्या. पण मांडवात कुजबूजही सुरू झाली. एकतीस वर्षांत कुठल्या बुवाने माइकवर चोरी कबूल केली होती? "ह्यात काय तरी डाव आसा," एक जण म्हणाला. "फर्नांडिस म्हणता, म्हणजे मूळ दुसराच कायतरी असतला," दुसरा म्हणाला. पण घोटाळा झाला तो लवूबुवाचा. त्याने रात्री जागून 'खयसून उचललास' या विषयावर सोळा ओळींचं उत्तर बांधलं होतं. तो उठला, माइक धरला, भिकाजीबुवांकडे दोन वेळा बघितलं, आणि आपला दुसऱ्या क्रमांकाचा गजर आधी गायला. तोही घाईत.

बारी संपल्यावर मांडवामागे चहा आला. लवूबुवा पेला घेऊन भिकाजीबुवांच्या बाजूला येऊन बसला. इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

"बुवानू, आता खरा सांगा. खयसून उचललास?"

"सांगलंय मरे माइकवर."

"ता लोकांका. माका सांगा. मी खंय बोलणंय नाय."

भिकाजीबुवांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. चौतिशीचा पोरगा, डोळे बारीक केलेले, कान टवकारलेले, ऐकलेल्या प्रत्येक शब्दामागे दुसरा शब्द शोधणारा. बुवांना तो चेहरा ओळखीचा वाटला. रोज दाढी करताना दिसायचा.

"एकतीस तारखेक देवबागाक ये," ते म्हणाले. "महादूची होडी आसा. म्हातारेच्या तोंडातसून आयक."

लवूबुवाने चहाचा घोट घेतला. "तुमी माका थंय कित्याक न्हेतास?"

"आयकाक."

"आणि तुमका काय मिळतला?"

"नेवरी," भिकाजीबुवा म्हणाले.

लवूबुवाचा विश्वास बसला नाही. बसला असता तर तो बुवा कसला. पण पेला खाली ठेवताना त्याने विचारलं, होडी किती वाजता सुटते.

घरी येऊन बुवांनी वही काढली. दोनशे तेरावी नोंद. 'स्वतःची' वर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: नातलिन फर्नांडिस, तिच्या आवशीकडून, शेवटची ओळ पन्नास वर्षांनी, २३ डिसेंबरला. मग वही कडीकपाटात ठेवायच्या ऐवजी पडवीतल्या मेजावर उघडी ठेवली आणि आतल्या खोलीच्या दाराआड जाऊन उभे राहिले, बघायला, की विमला ती वाचायला किती वेळ लावते.